खुणेची पाठ : जानापावच्या एका रविवारचं प्रकरण

या प्रकरणात कुणाला काही झालं नाही. एक घोटा मुरगळला, एक चष्मा करवंदीच्या जाळीत राहिला आणि चौदा माणसं दुपारी चारला पायथ्याशी गाडीत बसायची ती संध्याकाळी साडेसहाला डोंगरमाथ्यावर बसली. घरी गेल्यावर सगळ्यांनी "मस्त झाला ट्रेक" असंच सांगितलं. पण त्या दुपारी तासभर आम्ही विंध्याच्या चुकीच्या उतारावर होतो, आणि आपण चुकलोय हे चौदांपैकी एकीलाच जाणवत होतं. तिने ते सांगितलंही होतं. मी तिला टोपी पुढे ओढायला सांगितली.

म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचा गट इंदूरच्या रामबाग-लोकमान्य नगर भागातला. नोंदणी नाही, वर्गणी नाही. महिन्यातून एक रविवार चालायला जायचं, एवढंच. त्या दिवशी सगळ्यात लहान सहावीतला मुलगा होता, आणि सगळ्यात मोठ्या मावशी, सदुसष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. पुढे वाट काढायला बँकेतले काका. ते जानापावला दहा वेळा तरी आलेले. शेपटीला मी. शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहू नये म्हणून हे काम माझ्याकडे असतं, आणि मागे राहणाऱ्यांची कुरकुर ऐकायचं कामही ओघाने माझ्याचकडे येतं.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. पाऊस ओसरलेला, गवत कमरेएवढं, सागाची पानं अजून हिरवी. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. हा आकडा मी आदल्या रात्री वहीत लिहिला होता. त्याचा उपयोग कसा करायचा ते मात्र लिहिलं नव्हतं.

जागेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चूक जागेच्या स्वभावात दडलेली आहे. जानापाव इंदूरहून मानपूरच्या दिशेला, महूच्या पुढे, गाडीने साधारण ४५ किलोमीटर. उंची ८५४ मीटर. माळव्याच्या पठारावर याहून उंच शिखर म्हणजे ८८१ मीटरचं सिगार. मध्य प्रदेशातल्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येक मुलाला हे दोन आकडे पाठ असतात आणि त्यातल्या फारच थोड्यांनी ही शिखरं पाहिलेली असतात. माथ्यावर जमदग्नींचा आश्रम होता, परशुरामाचा जन्म इथलाच, अशी श्रद्धा. कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. मंदिर आहे, कुंड आहे, आणि मंदिरापर्यंत गाडी जाईल असा रस्ताही आहे. त्या रस्त्याकडे सकाळी आम्ही जरा नाक मुरडूनच पाहिलं होतं.

पण जानापावची खरी ओळख पाण्याची. चंबळ इथे उगम पावते. इथून साडेसात नद्या निघतात असं गावातले लोक सांगतात. त्यातली अर्धी कोणती यावर गाडीत दरवेळी वाद होतो. महत्त्वाचं हे की डोंगराचा माथा पाणलोटाच्या रेषेवर आहे. उत्तरेकडे पडलेला थेंब चंबळेतून साडेनऊशे-पावणेदहाशे किलोमीटर वाहतो, इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळतो आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. दक्षिणेकडे पडलेला कारमसारख्या नदीतून नर्मदेत, आणि भडोचच्या पुढे खंभातच्या आखातात. एका डोंगरधारेवर दोन समुद्र. आम्ही हे नव्या माणसाला दरवेळी कौतुकाने सांगतो.

ज्यांना हे पाठ आहे त्यांनी त्याचा दुसरा अर्थही पाठ करायला हवा होता. उत्तरेला उतरलात तर माळव्याचं पठार साडेपाचशे-सहाशे मीटरवर तुम्हाला झेलतं. चुकलात तरी कुठल्यातरी सोयाबीनच्या शेतात निघाल. दक्षिणेला झेलणारं काही नाही. तो विंध्याचा कडा, थेट निमाडात, म्हणजे खालच्या नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारा. तिथलं महेश्वर जेमतेम दीडशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे या धारेवर डावी-उजवी चूक सारख्या किमतीची नसते. एका बाजूची चूक पायांना दुखते, दुसऱ्या बाजूची रात्र जंगलात काढायला लावते.

बेत असा होता. पायथ्याच्या गावातून पायवाटेने जानापाव चढायचं. वर दर्शन, पाणी भरणं. मग धारेने पुढे शेजारच्या टेकडीवर जायचं. हिला नाव असेल, आम्हाला माहीत नाही, आम्ही तिला 'दुसरी' म्हणतो. दुसरीवर जेवण. दुसरीच्या खांद्यावरून उत्तरेला एक वाट उतरते, ती गावाच्या मागच्या अंगाला निघते. एकूण अकरा किलोमीटरच्या आसपास. काका ही उतरणीची वाट एकदा चालले होते, आठ-नऊ वर्षांपूर्वी, आणि तेव्हा कुणाच्या तरी मागून.

सातला चढायला लागायचं ते पोहे-जिलेबीच्या नादात पावणेआठ झाले. यावर मी जास्त लिहीत नाही. इंदूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांना पटणार नाही.

चढाईच्या वाटेवर चुन्याचे बाण होते. पावसाळ्यात मुलांना घेऊन येणाऱ्या कुठल्यातरी गटाने काढलेले असावेत. दर चाळीस-पन्नास पावलांवर एक, कधी दगडावर, कधी खोडावर. काही धुऊन गेले होते, पण एक दिसेनासा झाला की पुढचा दिसायचा. सहावीतल्या मुलाने त्याचा खेळ केला. "बाण!" असं ओरडायचं, पहिला ओरडेल त्याला एक शेंगदाणा चिक्की. दोन तास हा खेळ चालला आणि मोठी माणसंही त्यात ओढली गेली. मीसुद्धा दोन चिक्क्या कमावल्या.

आता मागे वळून पाहताना मला वाटतं, प्रकरणाचं मूळ या खेळात आहे. दोन तास चौदा माणसांच्या डोळ्यांना एकच शिकवण मिळत होती : रंग शोधा, रंगाकडे जा. कुणी उतार पाहत नव्हतं, ऊन पाहत नव्हतं, मागे वळून वाट परतताना कशी दिसेल हे तर कुणीच पाहत नव्हतं. खूण असलेली वाट चालणाऱ्याला सुखरूप नेते, पण त्याचं वाट ओळखण्याचं काम स्वतःकडे घेऊन टाकते. आणि ती संपते तेव्हा ते काम परत करत नाही.

मंदिराशी दहाला पोचलो. निघायचं साडेदहाला ठरलं होतं, निघालो सव्वाअकराला. इथून बाण नाहीत. धारेवरची वाट ठळक आहे, दोन्ही बाजूंना दरी, चुकायला जागाच नाही. साडेबाराला दुसरीवर. तिथे फोनला दोन काड्या रेंज. जेवण, फोटो. पाऊण तासाच्या जागी तासभर. दीडच्या पुढे पाच मिनिटांनी उतरायला लागलो.

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही दुसरीच्या खांद्यावर होतो. ही वेळ मला नेमकी माहीत आहे, कारण तिथला एक फोटो आहे : मुलगा एका मोठ्या काळ्या दगडावर बसून बुटाची नाडी बांधतोय. त्या फोटोकडे पुन्हा यायचं आहे.

खांदा म्हणजे एक रुंद सपाटी. गवत उंच, आणि त्यातून दोन-तीन रेघा फुटलेल्या. काका थांबले. "उजवीकडून कुठेतरी उतरायचं," म्हणाले. उजवीकडे गवताची भिंत. तेवढ्यात मुलगा ओरडला, "बाण!"

तो बाण नव्हता, सागाच्या खोडावरचा रंगाचा पट्टा होता. पण थोडं पुढे दुसऱ्या झाडावर दुसरा, त्याच्या पुढे तिसरा. रांगच. आणि त्या रांगेखालून वाटही जात होती, चांगली तुडवलेली. काका म्हणाले, "हां, हीच ती." मी मागून पाहिलं आणि मलाही तसंच वाटलं. कुणी विचारलं नाही की सकाळचे बाण चुन्याचे पांढरे होते, हे पट्टे गेरूच्या रंगाचे का. बाणाला टोक असतं, पट्ट्याला कुठे आहे.

ते पट्टे वनखात्याचे होते. जंगलाचे कामासाठी भाग पाडतात, त्याला कूप म्हणतात. कुपाच्या हद्दीवरच्या झाडांना रंगाचे पट्टे मारतात. हद्द ही चालायची वाट नसते. ती सोंडेने जाते, नाल्याने जाते, नकाशावर सोयीची असेल तिथून जाते. महाराष्ट्रात सागाच्या जंगलाशेजारी वाढलेल्या कुणालाही हे माहीत असेल. आम्ही शहरातली माणसं, आम्हाला प्रत्येक रंग आपल्यासाठीच लावलेला वाटला.

वाट तुडवलेली का होती? गुरांमुळे. इथे पुन्हा जागेचा स्वभाव. हा सगळा डोंगर बेसॉल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, मधला ठिसूळ थर झिजून सपाटी होते, मग खाली पुन्हा कडा. या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. गुरं या पायरीवरून आडवी चरत जातात आणि त्यांच्या पायांनी झकास वाट पडते. ती वाट आरामशीर असते, घसरत नाही, आणि कुठेच जात नाही. तुम्हाला वाटतं आपण उतरतोय. तुम्ही डोंगराला वळसा घालत असता. आमचा वळसा उत्तरेकडून दक्षिणेकडे पडला.

वीसेक मिनिटांनी मावशी म्हणाल्या, "अगं, मघापासून ऊन तोंडावर येतंय."

मी म्हणाले, "टोपी थोडी पुढे ओढा, मावशी."

हे एवढंच संभाषण. सप्टेंबरअखेर दुपारी अडीचला सूर्य नैर्ऋत्येला असतो. उत्तरेला उतरणाऱ्याच्या तो पाठीवर हवा, फार तर डाव्या खांद्यावर. तोंडावर येत असेल तर तोंड दक्षिणेकडे आहे. चौथीच्या पुस्तकातलं ज्ञान, आणि मावशींनी ते पंचवीस वर्षं वर्गात शिकवलेलंही. पण त्या क्षणी त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं आणि मी तक्रार म्हणूनच ऐकलं. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची कुरकुर, तिच्यावर इलाज काढायचा, पुढे जायचं. नंतर मी त्यांना विचारलं, तुमच्या लक्षात आलं होतं का? त्या म्हणाल्या, "आलं होतं गं. पण काका दहा वेळा आलेले. मला वाटलं, वाट पुढे वळत असेल."

गटात हे हमखास होतं. ज्याला कळतं त्याला अधिकार वाटत नाही, आणि ज्याला अधिकार असतो तो पुढे असल्याने मागचं ऐकू येत नाही. आमच्यात तर दोघांच्या मधला दुवाच मी होते.

तीन वाजून दहा मिनिटांनी वाट संपली. समोर कडा, फार मोठा नाही, दहा-बारा मीटर. पण सरळ तुटलेला, ओला, शेवाळलेला. डाव्या हाताला नाला, त्याचं पाणी कड्यावरून खाली पडत होतं. आणि खाली, अगदी स्पष्ट, मक्याचं शेत, चार-पाच घरांची फळिया, एका घरातून धूर.

इथे पुढची वीस मिनिटं गेली. मला वाटतं सगळ्यात धोक्याची वेळ हीच. घरं दिसत होती. दोघे तरुण म्हणाले, नाल्याच्या कडेने वेल धरून उतरता येईल, खाली गेलं की कुणीतरी सोडेल गाडीपर्यंत. निम्म्या जणांचं पाणी संपलेलं. 'वर मंदिरात मिळतं' म्हणून बहुतेकांनी एकच बाटली आणली होती. एका बाईंचा घोटा नुकताच मुरगळला होता. गटात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, तिने क्रेप बँडेज बांधलं आणि सांगितलं, या चढतील सावकाश, पण उड्या मारत उतरणार नाहीत. त्या मुलीच्या या एका वाक्याने अर्धा वाद मिटला.

उरलेला मिटवला नाल्याने. काका नाल्याकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "हे पाणी निमाडात चाललंय." सकाळीच त्यांनी सगळ्यांना दोन समुद्रांची गोष्ट सांगितली होती. पठाराचं पाणी असं कड्यावरून उडी मारत नाही, ते संथ जातं. आपण नर्मदेच्या बाजूला आलोय. हे मान्य करायला त्यांना जड गेलं असणार, पण त्यांनी ते मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हटलं, आणि "माझं चुकलं" हेही म्हटलं. पुढच्या तीन तासांत कुणी कुणावर चिडलं नाही याचं श्रेय मी त्या दोन शब्दांना देते.

फोन? होते ना, चौदा. तिथे रेंज नव्हती. जीपीएसला रेंज लागत नाही, ते उपग्रहावर चालतं, हे माहीत असूनही कुणीच त्या भागाचा नकाशा आधी उतरवून घेतला नव्हता. कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका दिसत होता. माझ्याकडे घरी भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारांत एकच्या प्रमाणाचा नकाशा आहे, संगणकात. तो सोबत असता तरी कडा त्यावर सापडला असताच असं नाही. त्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारण वीस-वीस मीटरच्या असतात. बारा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे सुखाने लपतो.

एवढ्यात शेळ्यांच्या घंटा वाजल्या आणि वरच्या सपाटीवरून एक म्हातारे गृहस्थ आले, खांद्यावर कुऱ्हाड. काकांनी "मामा, राम राम" केलं. त्यांनी आम्हाला, आमच्या बुटांना आणि कड्याला आळीपाळीने पाहिलं. म्हणाले, इथून शेळ्याही उतरत नाहीत. पट्ट्यांबद्दल विचारलं तर हसले, "वो तो जंगलवालों का निशान है, कूप का।" उतरायची वाट वर, खांद्यावर, मोठ्या दगडापाशी. आम्ही पैसे पुढे केले ते घेतले नाहीत. शेवेचं पाकीट घेतलं. आमच्याकडून त्यांना कोरडी शेव आणि त्यांच्याकडून आम्हाला अर्धा कॅन पाणी, हा सौदा लाजिरवाणाच होता.

साडेतीनला परत चढायला लागलो. चढ साधारण १७० मीटर, अंतर दीड किलोमीटरच्या वर थोडं. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो अजून वापरतात : तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. त्या हिशेबाने पस्तीस-चाळीस मिनिटं. आम्हाला लागली पंच्याऐंशी. ठोकताळा एका धडधाकट माणसाचा आहे. चौदा माणसांचा गट आपल्या सगळ्यात दुखऱ्या पायाच्या वेगाने चालतो, आणि त्या दिवशी तो पाय मुरगळलेला होता. चष्मा हरवला तो याच चढावर.

चार वाजून पंचावन्न मिनिटांनी पुन्हा खांद्यावर. उजेड अजून सव्वा तास. आता दोन पर्याय. एक, मामांनी सांगितलेला मोठा दगड शोधायचा आणि तिथून उत्तरेला उतरायचं. वाट सापडली तर पाऊण-एक तासात गाडी. दोन, आल्या धारेने उलटं जानापावच्या मंदिरापर्यंत जायचं. सव्वा तास, चढ-उतार आहेत, पण प्रत्येक पाऊल ओळखीचं. मोठे दगड त्या सपाटीवर सात-आठ होते.

काका दगड शोधू म्हणाले. मी नको म्हणाले. मतं घेतली नाहीत, पण मावशींना सगळ्यांच्या देखत विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "अंधारात ओळखीचा माणूस बरा." मग निघालोच. वाटेत मनात बिबट्या होता. या पट्ट्यात तो आहेच, आणि २०२३ साली महूच्या लष्करी हद्दीत वाघ कॅमेऱ्यात आला होता ते कुणीतरी नेमकं तेव्हा आठवून दिलं. अशी आठवण काढणारा प्रत्येक गटात एक असतो.

दुसरीच्या माथ्यावर रेंज होती तिथून गाडीवाल्या भैयांना फोन लावला. सव्वापाच. आम्ही त्यांना "चारपर्यंत येतो" एवढंच सांगितलं होतं. चारला नाही आलो तर काय करायचं, किती वाजता कुणाला कळवायचं, आमचा बेत कोणत्या बाजूने उतरायचा आहे, काहीही सांगितलं नव्हतं. त्या भल्या माणसाने साडेचारपासून फोन लावले होते, पाचला गावातल्या दोन पोरांना बॅटऱ्या घेऊन तयार ठेवलं होतं, पण त्यांना पाठवायचं कुठे हे त्याला कळेना. मी म्हणाले, आम्ही मंदिराकडे परत येतोय. तो म्हणाला, "तो गाड़ी ऊपर ले आता हूँ। मंदिर तक तो आती है। सुबह भी बोला था मैंने।"

बोलला होता. सकाळी आम्ही त्याला हसलो होतो.

सव्वासहाला मंदिर. सूर्य नुकताच गेला होता, कुंडाच्या पाण्यात अजून लाली होती. दहा मिनिटांत गाडीचे दिवे वळणावर दिसले.

दोन आठवड्यांनी आम्ही तिघं परत गेलो : काका, मी आणि मावशी. मावशींना नको म्हणून पाहिलं, त्या ऐकेनात. या वेळी गावाच्या मागच्या अंगाने, म्हणजे ज्या वाटेने त्या दिवशी उतरायचं होतं तिने, खालून चढलो. आणि थक्क झालो. त्या वाटेवर चुन्याचे बाण होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दर चाळीस-पन्नास पावलांवर, सकाळच्या वाटेसारखेच, त्याच हाताचे.

मग त्या दिवशी एकही दिसला कसा नाही? काकांनी एका बाणाशी थांबून मागे, वरच्या बाजूने जाऊन पाहिलं. कोरा दगड. सगळे बाण चढणाऱ्यासाठी काढलेले. काढणारे खालून वर गेले होते, त्यांनी दगडाच्या त्यांच्या समोरच्या अंगावर चुना मारला. वरून उतरणाऱ्याला प्रत्येक खुणेची फक्त पाठ दिसते. सकाळच्या चढावर आम्ही शंभरेक बाण मोजले असतील आणि एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर हे तिथेच कळलं असतं.

शेवटचा बाण खांद्याच्या अगदी खाली, एका मोठ्या काळ्या दगडावर. मी फोन काढून तो फोटो लावला. तीच भेग, वरच्या टोकाला तोच पांढुरक्या शेवाळाचा ठिपका. दोन वाजून पाच मिनिटांनी मुलगा ज्या दगडावर बसून नाडी बांधत होता, त्याच दगडाच्या दुसऱ्या अंगाला बाण होता. त्याच्या पाठीमागे, हातभर खाली. पहिला गेरूचा पट्टा तिथून मोजला तर चाळीस पावलं.

त्या जागी एक प्रश्न निघाला आणि तो आमच्यात अजून चालू आहे. संध्याकाळी पाचला आम्ही याच सपाटीवर होतो. दगड शोधला असता तर सहाच्या आत पायथ्याशी असतो. म्हणजे धारेने परत जायचा निर्णय चुकला का? काकांना वाटतं चुकला, आणि ते दोष मला देत नाहीत, स्वतःला देतात, की त्यांनी जोर धरला नाही. मला तसं वाटत नाही. पाच वाजता आम्हाला जे माहीत होतं त्यात 'मोठा दगड' एवढेच शब्द होते, आणि दगड सात-आठ होते. बाण पलीकडच्या अंगाला आहे हे दोन आठवड्यांनी कळलेलं आहे. नंतर कळलेल्या गोष्टीने आधीच्या निर्णयाला गुण द्यायचे नसतात. खरी चूक दोन वाजता झाली होती, आणि त्याहून खरी अडीचला, जेव्हा मी टोपीचा सल्ला दिला.

दुसरा वाद रंगाचा. काकांच्या पिशवीत चुन्याची डबी होती, त्यांनी घरूनच आणलेली. दगडाच्या वरच्या अंगाला एक बाण, एवढंच त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, वनखात्याला न विचारता जंगलात रंग फासायचा नाही, आणि आपण पुढच्या सहावीतल्या मुलाला तीच सवय लावणार. काका म्हणाले, आणि त्याच्या आईने काय करायचं, कड्यावर जाऊन बसायचं? दोघांचंही बरोबर होतं. डबी उघडली नाही.

गटात आम्ही काही गोष्टी बदलल्या आहेत. शेपटीच्या माणसाला आता शिट्टी असते, आणि तिच्या एका आवाजावर पुढच्याने थांबायचं, कारण न विचारता. मागून कुणी ऊन, वारा, उतार, पाणी याबद्दल काहीही कुरकुरलं की ती जशीच्या तशी पुढे पोचवायची, इलाज नंतर. बाणांचा खेळ चालू आहे, पण चिक्की आता त्याला मिळते जो मागे वळून बाणाच्या मागची जागा वर्णन करून सांगेल. मुलाने पहिल्याच वेळी तीन कमावल्या. गाडीवाल्याच्या हातात एक कागद जातो : कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत वाट बघायची आणि मग कुणाला फोन करायचा. भैयांनी तो पहिला कागद उलटसुलट करून पाहिला आणि खिशात ठेवला.

त्या दुपारी आम्ही दगडापाशी डबे सोडले. मावशी दगडावर बसल्या, मुलगा बसला होता तशाच, बाणाकडे पाठ करून. ऊन उजव्या खांद्यावर होतं. त्यांनी ते हाताने चाचपून पाहिलं आणि लोणच्याची बाटली मागितली.